पळसवाहीची हातोडी

हातोडी वाजली की चूल पेटवायची. ती कोणी वाजवली, कुठे वाजवली, हे विचारायचं नाही. पळसवाहीत मला लहानपणी शिकवलेला हा पहिला नियम.

आमच्या धान गिरणीच्या फाटकाशी मोहाच्या झाडाखाली एक वाकडा, गंजका पत्रा उभा आहे. त्याला शेंदूर लावतात. तो पत्रा फार पूर्वी फुटलेल्या बॉयलरचा.

बॉयलर तपासायचा कायदा सरकारने तेव्हा नुकताच केला होता, असे सांगतात. तपासनीस आला, मालकाकडे जेवला आणि बॉयलर न उघडताच दाखला देऊन गेला. चौथ्या दिवशी बॉयलर फुटला. भट्टीवरचा इसाराम जागीच गेला आणि हा पत्रा उडून मोहाखाली पडला. मालकाला मात्र उरलेला दुसरा बॉयलर लगेच पेटवायचा होता.

इसारामची बायको फुलवंता पत्र्याशेजारी येऊन बसली. "माणूस आत शिरून पत्रा ठोकत नाही, तो आवाज मी ऐकत नाही, तोवर गिरणीत विस्तव नाही अन् माझ्या घरातही नाही," असं ती म्हणाली म्हणे. मग घरोघरच्या बायकांनी चुली विझवल्या. तिसऱ्या दिवशी दुसरा तपासनीस आला आणि कोट काढून हातोडी घेऊन आत शिरला. चांगला पत्रा खणकतो, झिजलेला बद्द वाजतो. एका जागी बद्द आवाज आला. त्याने दाखला दिला नाही. त्या वर्षी गिरणी बंद राहिली, पण माणसं राहिली.

तेव्हापासून तपासणीच्या दिवशी हातोडी वाजेपर्यंत गावात चूल पेटत नाही.

यंदा सकाळी आठला हातोडी वाजली. मी फाटकाशीच होते. तपासनीस साहेबांची गाडी आली नव्हती. गिरणीचे जुने मुकादम गोमा आजा मुहूर्त साधून बॉयलर बाहेरूनच ठोकत होते. दरवर्षी हेच होतं. गावाबरोबर भट्टीही पेटते, साहेब दुपारी येतात, तापलेल्या बॉयलरमध्ये शिरता येत नाही म्हणून नुसता कागद लिहितात.

"आजा, आत कोण गेलं होतं?"

"कालेज शिकली म्हणून आमाले शिकवतेस काय? जा, चहा ठेव."

"आमच्या घरी गॅस पेटणार नाही. साहेब आत शिरतील, मी आवाज ऐकेन, मग पेटेल."

मी पत्र्याशेजारी बसले. थोड्या वेळाने भट्टीवरच्या बुधाची बायको येऊन माझ्याजवळ बसली. भट्टी पेटवायची काडेपेटी तिने पदराच्या गाठीत बांधली होती.

आजा हातातल्या हातोडीकडे बघत राहिले. भट्टी अजून पेटली नव्हती.