दिवाणजींचा रांजण

"उद्यापासून तळ्यावरच्या प्रत्येक मजुराची रोजची एक शेर ज्वारी कापली जाईल हो!"

दवंडी ऐकली आणि साळू ताडकन उठली. राजा धरणीधराच्या नव्या तळ्यावर दोन हजार मजूर खपत होते आणि हजेरीच्या रांजणाची राखण साळूकडे होती. सकाळी प्रत्येक मजूर आपली खूण कोरलेली खापरी रांजणात टाकायचा, संध्याकाळी मजुरीचं गाठोडं मिळालं की ती उचलून घरी जायचा. साळूचा नवरा दिवसभर दगड वाहून आणायचा जेमतेम अडीच शेर. त्यातला शेर गेला तर दोन पोरांपैकी कोणाला उपाशी निजवायचं? ती तडक दरबारात शिरली.

"शेजारच्या राज्यात मजुराला सरासरी तीन शेर मिळतात," राजा गुरगुरला. "माझ्या कोठारातून माणशी चार जातात! मी काय मूर्ख आहे?"

"चार शेर? कुनाला मिळत्यात, सरकार?"

"दहा मजुरांची गाठोडी मी स्वतः तोलून घेतली आहेत!"

आता मात्र साळूला हसू आवरेना. महाराजांची स्वारी येणार म्हटलं की दिवाण राघोजीराव आपले दहा गुटगुटीत मेहुणे-भाचे डोक्यावर टोपल्या देऊन बांधावर उभे करत, हे तळ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. टोपल्या रिकाम्या असत, गाठोडी तेवढी भरलेली.

"सरकार, ते दहाजन म्हंजे आमटीवरची तर्री! खाली समदं पानीच हाय!"

राजा हट्टाला पेटला. "मग दाखव सिद्ध करून! आज दिवे लागायच्या आत दोन हजारांची खरी सरासरी सांग. नाही जमलं तर एकाऐवजी दोन शेर कापीन!"

दिवाणजी मिशीतल्या मिशीत हसले. दोन हजार गाठोडी तोलायला आठ दिवस लागले असते!

"मंग मजुरी वाटून झाली की सरकारांनी तळ्यावर यावं," साळू म्हणाली आणि निघाली.

राजा आला तेव्हा मजुरी वाटून झाली होती, पण साळूने एकाचीही खापरी परत दिली नव्हती. ती म्हणाली, "सरकार, डोळे मिटून तीस खापऱ्या काढा."

"दोन हजारांतून तीसच?" राजाने विचारलं.

"आमटीचं मीठ बघाया आचारी आख्खं पातेलं पितो व्हय?"

राजाने रांजणात हात घातला, तोच साळू ओरडली, "थांबा!" वर दिवाणजींच्या त्या दहा मेहुण्या-भाच्यांच्याच खापऱ्या कशा नीट रचून ठेवल्या होत्या! तिने सगळा रांजण जमिनीवर पालथा केला, दोन्ही हातांनी ढीग कालवला आणि पुन्हा भरला. "आधी ढवळाया नको?" दिवाणजींचा चेहरा पडला.

तीस खापऱ्या निघाल्या, तीस मजूर पुढे आले. त्यांची ज्वारी एकत्र तोलली. साडेब्याऐंशी शेर! माणशी पावणेतीन!

"योगायोग!" दिवाणजी किंचाळले. "महाराजांच्या हाताला नेमके तीस कमनशिबी लागले! बाकीच्यांत बघा, सरासरी चारच आहे!"

राजा मान डोलवू लागला. "हेही खरंच की!"

सूर्य कलला होता. साळूने एकवार मावळतीकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "बरं. दिवानजींचंच खरं धरू. दिवानजी, तुमच्या मजुरीच्या वहीत कुनाला किती लावलंय?"

"कोणाला दोन, बहुतेकांना चार, कोणाला सहा. सरासरी चार!"

"मंग वहीत हाय तसाच दुसरा रांजन भरा!"

मजुरांनी भराभर खापऱ्यांवर रेघा कोरल्या. वहीत जितके दोनवाले, तितक्या दोन रेघांच्या. तशाच चारच्या आणि सहाच्या. रांजण भरला, ढवळला. राजाने डोळे मिटून तीस काढल्या. सरासरी चाराहून जराशी जास्त! त्या परत टाकून, ढवळून पुन्हा तीस काढल्या. जराशी कमी! अशा वीस खेपा झाल्या, राजाचा खांदा भरून आला, पण सरासरी एकदाही साडेतीनच्या खाली उतरली नाही. पावणेतीन तर फार लांब राहिले.

"सरकार," साळू म्हणाली, "दिवानजींची वही खरी आसती तर पावनेतीन असं सहजासहजी हाताला लागलं नसतं. आन तुमच्या हाताला तर पहिल्याच खेपेला लागलं. आता तुमीच सांगा, खोटं कोन? तुमचा हात, का दिवानजींची वही?"

दिवाणजींनी तरीही हेका सोडला नाही. "लाखदा काढलं तर एकदा निघेलही पावणेतीन!"

"मंग काढू द्या की त्यास्नी!" साळू फटकन म्हणाली. "ह्यो रांजन, ह्यो दिवानजींचा हात. पावनेतीन निघंस्तोवर पगार न्हाई!"

राजा असा खदाखदा हसला, की त्याचा मंदिल डोक्यावरून घसरून रांजणात पडला. "मंजूर! कपात रद्द! मी चार शेर म्हणालो होतो ना? मग उद्यापासून चारच मिळतील, आणि ज्वारीचं माप साळूच्या हाती!"

दुसऱ्या दिवशी साळूने पहिलं माप शिगोशीग भरून नवऱ्याच्या धोतरात ओतलं. पलीकडे दिवाणजी बाह्या सरसावून रांजणाशी बसले होते. राजा दर तासाला तळ्याकाठच्या महालाच्या खिडकीतून ओरडून विचारायचा, "काय दिवाणजी, झाला का योगायोग?" आणि स्वतःच पोट धरून हसत सुटायचा.