शिवेवर थांबलेला गाडा

पूर्वी गोदाकाठी प्रतिष्ठान नगरात राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या वेळूथडी गावी सुताराच्या कुळात जन्मला होता. तेव्हा त्याचे नाव सोमक. गावचा ग्रामणी होता भद्रक, आणि गाव त्याच्या शब्दाबाहेर नव्हते.

एका उन्हाळ्यात गावात साथ आली. घरोघर माणसे तापाने पडली. मग भद्रकाची एकुलती मुलगी वसुला हिनेही अंथरूण धरले.

साथ म्हणजे जरीमाय देवीचा कोप, असे लोक मानीत. तो घालवायची रीत जुनी होती. सुताराने लाकडी गाडा करायचा, त्यात देवीला बसवायचे आणि सुतारानेच तो शिवेपलीकडे लोटायचा. देवी शेजारच्या गावात गेली की आपले गाव सुटले. मग आजाऱ्यांची दारे अमावास्येपर्यंत बंद. त्यांना हाक मारायची नाही, पाणी द्यायचे नाही. माणसाची चाहूल लागली तर देवी मागे वळते, असे म्हणत.

भद्रकाने पूर्वी अनेकांची दारे लावली होती. या खेपेला दार त्याचे होते. तरी त्याने गाडा काढायला सांगितला. देवीची आज्ञा पाळली तर ती आपली पोर राखील, अशी त्याची श्रद्धा होती.

बोधिसत्त्व गाडा लोटत लोकांसह शिवेपाशी आला, तेव्हा पलीकडे शेजारच्या कवठे गावची चंपा नावाची विधवा कडेवर मूल घेऊन उभी होती. तिने वाट अडवली नाही.

"आणा, थेट दारापर्यंत आणा," ती म्हणाली. "मागच्या वेळी इथेच टाकून पळालात. तुमची देवी उचलायलाही आमचीच माणसे लागली."

लोक खाली पाहू लागले. बोधिसत्त्वाने गाडा थांबवला. ऊन कलत चालले होते.

"लोट, सोमका," भद्रक म्हणाला. "पोर जाईल माझी."

"नाही लोटणार."

"दुःख देवीने धाडले, ते घालवायची रीतही तिनेच दिली. तू तिच्याहून शहाणा?"

बोधिसत्त्व म्हणाला, "ग्रामणी, देव दुःख का होऊ देतो ते मला कळत नाही. पण हा गाडा देव लोटत नाही, मी लोटतो. हात माझे आहेत. देवीला कुठे राहायचेच असेल तर माझ्या अंगणात राहू दे."

त्याने गाडा वळवला. वसुला गेली तर तुझ्या घराचे वासे तिच्या सरणाला लावीन, असे भद्रकाने बजावले. "लावा," एवढेच बोधिसत्त्व म्हणाला.

देवी गावातच राहिली, तेव्हा दारे लावायला कारण उरले नाही. बोधिसत्त्व पहिल्याने भद्रकाच्याच घरात शिरला आणि वसुलेला घोट घोट पाणी पाजू लागला. भद्रक उंबऱ्यात रागाने उभा होता. पण त्याने सुताराला हाकलले नाही. थोड्या वेळाने पाण्याची घागर त्यानेच भरून आणली. ते पाहून बाकीचे लोकही आपापल्या आजाऱ्यांपाशी बसले. दुसऱ्या दिवशी चंपा पेजेचे मडके घेऊन शीव ओलांडून आली.

"देवी काही आली नाही. म्हटले, आपणच जावे," ती म्हणाली.

सगळे वाचले नाहीत. बोधिसत्त्वाची म्हातारी आई गेली. देवीने आपला वाटा घेतला, असे कोणी म्हणाले. तो आईला पोचवून आला आणि पुन्हा पाणी घेऊन निघाला.

एका सकाळी वसुलेने पेज चाखून तोंड वाकडे केले. "बाबा, मीठच नाही यात."

भद्रक मीठ आणायला उठला आणि चुलीपाशीच बसून रडला. मग तो सुताराच्या अंगणात गेला.

"गाड्याची चाके काढ," तो म्हणाला. "पण मी मागे लावलेल्या दारांचे काय रे?"

"ते ओझे राहील," बोधिसत्त्व म्हणाला. "पुढची दारे उघडी ठेवा."

दोघांनी मिळून चाके काढली. त्या गावातून पुन्हा गाडा निघाला नाही.

साथीत भाऊ गमावलेल्या एका भिक्षूने, देव हे का होऊ देतो, असे विचारले, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "त्या जन्मीचा भद्रक तूच होतास, भिक्षू. विहाराच्या दारी आजाऱ्यांसाठी पेज आणते ती उपासिका म्हणजे चंपा. सुतार मी होतो. दुःखाचे कारण मला तेव्हा ठाऊक नव्हते, तरी दुःख दुसऱ्याच्या दारी लोटायचे नाही, एवढे ठाऊक होते. यालाच करुणा म्हणतात."