काखेतून, मांडीतून, की थेट

“मग नळी कुठून घालायची?” मुतालिक मॅडमनी हात धुता धुता विचारलं.

“काखेतून,” विहंग म्हणाला.

त्याला विचार करावा लागला नाही. हृदय थांबवून शस्त्रक्रिया करायची तर रक्त मशीनमधून शरीरात परत धाडावं लागतं. ते कुठल्या धमनीतून धाडणं बरं, यावरच त्याने शोधनिबंध लिहिला होता. ठिकठिकाणच्या शस्त्रक्रियांचे निकाल शेजारी शेजारी मांडून पाहिले होते. परिषदेत टाळ्याही पडल्या होत्या.

“मांडीतून का नको?”

“रक्त उलटं वर चढतं. पेशंटच्या महाधमनीचे पदर सुटलेत. त्या फटीत रक्त शिरलं, तर मेंदू उपाशी राहतो.”

“आणि थेट महाधमनीतच घातली तर?”

विहंग हसला. “विरलेल्या कापडाला कोण सुई लावतं, मॅडम?”

मॅडमनी नळ बंद केला.

“आज तू कर. मी समोर उभी राहते.”

टेबलावर रज्जाक शिकलगार होते. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. सकाळी नवरदेवाच्या मिरवणुकीत सूर लांबवताना छातीतून पाठीत कळ गेली आणि ते रस्त्यातच खाली बसले. भूल द्यायच्या आधी त्यांनी विहंगचं मनगट घट्ट धरलं होतं.

“डॉक्टर, आत काहीतरी टरकन फाटलं हो.”

विहंगने गळ्याच्या हाडाखाली छेद घेतला. काखेकडे जाणारी धमनी सापडली, आणि त्याचा हात थबकला.

ती निळी पडली होती. महाधमनीची चीर तिथवर पोचली होती.

“प्रेशर उतरतंय,” भूलतज्ज्ञ तस्नीम म्हणाल्या.

त्याने मांडी चाचपली. उजवीकडे ठोका नव्हता. डावीकडे होता… की आपल्याच बोटांतला लागत होता, ते कळेना.

“छाती उघड,” मॅडम म्हणाल्या.

त्याने उघडली. महाधमनी जांभळी झाली होती, फुगली होती. वरचा पापुद्रा इतका पातळ, की आत घुसळणारं रक्त दिसत होतं. दर ठोक्याला वाटे, आता गेली.

विहंगला निबंधातला एकही आकडा आठवेना.

वाट एकच उरली होती, थेट महाधमनीतून. सुई त्याच्या हातात होती.

“मॅडम, तुम्ही घ्या.”

मॅडमनी दोन्ही हात हिरव्या कापडावर पालथे ठेवले.

“माझा हात कापतोय.”

“दिसतंय.”

“फुटली तर ते इथेच जातील.”

“हो.”

…

विहंगने श्वास सोडला. दोन ठोक्यांमधली उसंत धरून सुई आत नेली. सुईतून बारीक तार सरकवली. तार नीट बसली, तर तिच्यावरून नळी जाणार होती.

तस्नीमची नजर पडद्यावर होती. अन्ननलिकेतून सोडलेल्या सोनोग्राफीवर त्यांना आतलं दिसत होतं.

“नाही. सुटलेल्या पदरात गेलीय. मागे घ्या.”

मागे घेताच रक्ताची धार उडाली. विहंगचे डोळे क्षणभर मिटले. उघडले तेव्हा त्या जागेवर मॅडमचं एक बोट अलगद टेकलेलं होतं. दुसरा हात तसाच कापडावर होता.

“पुन्हा,” त्या म्हणाल्या.

या वेळी तो आणखी हळू गेला. तार जरा अडल्यासारखी वाटली तिथे थांबला, मागे आला, कोन बदलला. खोलीत कुणी हललं नाही.

“दिसतेय का?” त्याने विचारलं.

“थांबा… थांबा… हो. खऱ्या पोकळीत आहे.”

नळी गेली. मशीन सुरू झालं. फाटलेला भाग काढून तिथे कापडी नळी शिवायला संध्याकाळ झाली.

तिसऱ्या दिवशी श्वासाची नळी निघाल्यावर शिकलगारांनी आधी पाणी मागितलं. मग घोगऱ्या आवाजात बायकोला विचारलं, “क्लॅरिनेट कुणी उचललं?”

त्या दुपारी विहंग मॅडमच्या खोलीत गेला. त्या डबा उघडून भाकरी मोडत होत्या.

“बस. जेवलास?”

“नाही. मॅडम, तुम्ही केलं असतं तर तार पहिल्याच वेळी बसली असती.”

“बसली असती.”

तो खुर्चीच्या कडेला टेकला.

“मला अजून झोप लागत नाही. डोळा लागला की ती जांभळी धमनी दिसते.”

मॅडमनी अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली.

“तुम्ही इतक्या वर्षांत इतक्या केल्यात,” विहंग म्हणाला. “तुमची भीती कधी गेली?”

“गेली असती,” त्या म्हणाल्या, “तर थरथरत्या हातानेही सुई नेता येते हे मी विसरले असते, आणि त्या दिवशी ती तुझ्या हातातून घेतली असती.”