पद्मपाणीचा हात

"पण सर, चूक ती चूकच ना? ती तशीच कशी ठेवायची?"

पांढऱ्या डिस्टेंपरची बादली यामिनीने चित्रकलेच्या तडवी सरांपुढे आदळली.

शाळेच्या भिंतींवर त्या वर्षी जगातली नामांकित चित्रं उतरवायची टूम निघाली होती. आठवीच्या पोरांची मोनालिसा थेट मुख्याध्यापिकाबाईंसारखी दिसत होती, आणि ते बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. अजिंठ्याचा पद्मपाणी दहावीच्या दोघींकडे होता, यामिनीकडे आणि हेमांगीकडे. चित्रकलेत आपल्या तोडीचं शाळेत कुणी नाही, असं यामिनीला वाटे. ते खरंही होतं, म्हणून तर जास्त वाईट.

छापील चित्रावर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी भिंतीवर पाडायच्या, आणि एकेक घर भरत जायचं, अशी त्यांची पद्धत. चेहरा यामिनीने काढला. कमळ धरलेला हात हेमांगीने. मोजताना तिचं एक घर चुकलं, हात खाली उतरला, आणि पद्मपाणीचा दंड विनाकारण लांबला.

दिवाळीच्या सुट्टीआधी यामिनी तिच्यावर सगळ्यांदेखत खेकसली होती. "साधी घरं मोजता येत नाहीत तुला? उद्यापासून येऊच नकोस!"

सुट्टीत हेमांगीला डेंग्यू झाला. शाळा उघडली तेव्हा ती या जगात नव्हती.

आता शुक्रवारी पाहुणे यायचे होते.

"लोक हसतील, सर. ते घर पांढरं करते आणि हात नीट काढते. एका दुपारचं काम आहे."

सरांनी भिंतीकडे पाहिलं.

"लोक हसतील म्हणून?"

"हो."

"बरं..."

यामिनीला ते 'बरं' आवडलं नाही. खरं तर त्या हाताकडे तिला बघवतच नव्हतं. रोज प्रार्थनेच्या वेळी तो हात समोर येई आणि ती मान खाली घाली. पण हे सरांना कोण सांगणार?

सर उठले. पद्मपाणीच्या खांद्याजवळ एक करडा, ओबडधोबड डाग होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे काय काढलंयस?"

"पोपडा. मूळ चित्रात तिथला गिलावा पडलाय ना, सर."

"मग भरून का नाही काढलंस? तुझा हात तर चांगला आहे."

यामिनी दुखावली. "असं कसं भरणार? तिथं काय होतं ते कुणालाच माहीत नाही. मनाचं काढलं तर ते खोटं होईल."

"कडासुद्धा हुबेहूब उतरवल्यास."

"त्या पोपड्यांनाच जास्त वेळ लागला," ती म्हणाली. एवढ्यातही तिला अभिमान वाटला, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

सरांनी मान हलवली. बादलीत ब्रश बुडवला, कडेला निथळला आणि तिच्या हातात दिला.

"पूस."

ती भिंतीजवळ गेली. हेमांगीने बोटं मात्र सुरेख काढली होती. कमळाचा देठ चिमटीत अलगद धरला होता, जरा दाबला तर मोडेल अशा बेताने. मोजताना चुकलेल्या पोरीने हे कसं साधलं, हे यामिनीला इतके दिवस दिसलंच नव्हतं. ब्रशवरून पांढरा थेंब तिच्या पावलावर पडला.

"पूस की. थांबलीस का?"

"पुसते, सर. मग वरच्या घरात हात काढते."

"हात नको काढूस."

"मग?"

"पोपडा काढ. बाकीचे काढलेस तसाच. कडा नीट."

यामिनीला वाटलं, सर थट्टा करताहेत. तिने वळून पाहिलं. सरांचा चेहरा दगडासारखा होता.

"पण सर..." तिचा आवाज चिरकला. "मूळ चित्रात त्या जागेचं काही गेलेलं नाही!"

सरांनी बादलीवर झाकण घातलं.

"इथं गेलंय."