राजाच्या दाढीला तिसरा हात

करंजगडच्या राजाने भलतीच दवंडी पिटवली! "ऐका हो ऐका! जो जो आपलं काम दुसऱ्याच्या हातून करून घेतो, त्याला आजपासून निम्मीच सोबत मिळेल होऽऽ!"

राजा उदयभानाला आपल्या मोरांसाठी संगमरवरी हौद बांधायचा होता आणि खजिन्यात तेवढं शिल्लक नव्हतं. मग कात्री कुठे लावायची? प्रधान म्हणाला, "सोबत्यांच्या पगाराला!"

करंजगडात आळीआळीला दरबारचे सोबती असत. म्हातारी, आंधळी, पांगळी माणसं जिथे राहत, तिथेच जाऊन ते त्यांना आंघोळ घालत, पाणी भरत, बाजारात नेऊन आणत. आता तेच काम निम्मं! आणि ते निम्मंच होतंय ना, हे बघायला प्रत्येक सोबत्यामागे कोतवालाचा एकेक शिपाई!

ठकूबाईचे पाय कमरेपासून गेलेले. वय सत्तर, जीभ मात्र विशीतली! सोबतीण भागू तिला न्हाऊ घालत होती. केसांना शिकेकाई चोळून झाली आणि शिपाई ओरडला, "थांब! काम निम्मं झालं!"

"अरे मेल्या, धुवायचं कोण?" ठकूबाईने डोळे चोळत विचारलं.

"ते उरलेल्या निम्म्यात येतं, आजी!"

भागूच्या डोळ्यांत पाणी आलं. ठकूबाईच्या डोळ्यांत तर शिकेकाईच होती! तेवढ्यात भोपळ्यांची गाडी राजवाड्याच्या मुदपाकखान्याकडे निघालेली दिसली. ठकूबाईने हाक मारली, "गाडीवान दादा, आणखी एक भोपळा घे रे!"

अशी ती राजाच्या सदरेवर पोचली. गाडीवानाने तिला उचलून खांबाला टेकवून बसवलं. केस फेसाने उभे, डोळे लालभडक!

राजा दाढी करून घेत होता. आज सोनपूरची मंडळी त्याला लग्नासाठी बघायला येणार होती. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर नुसता फेस. राघो न्हाव्याचा वस्तरा सपासप चालला होता.

"हे कोण? भूत?" राजा दचकला.

"अजून नाही झाले, महाराज! पण निम्म्या सोबतीवर किती दिवस काढणार? आमची सोबत पुरी करा."

"निम्मी मिळतेय ना? काहीच नसण्यापेक्षा निम्मं बरं!"

"विहिरीत निम्मा दोर सोडून बघा, महाराज. घागर वर येते का!"

सदरेवरचे लोक फिसकन हसले. राजा भडकला. "फार बोलतेस! मग ऐक. निम्म्या सोबतीने धडधाकट माणूससुद्धा अडतो, हे मला दाखव. इथेच, पाहुणे यायच्या आत. कुणाला बोट लावायचं नाही, जागचं हलायचं नाही. जमलं तर दवंडी मागे. नाही जमलं, तर उरलेली निम्मी सोबतही बंद!"

ठकूबाईच्या मनात आलं, आपल्या एकटीच्या जिभेवर साऱ्या करंजगडची म्हातारी माणसं टांगली की! पण चेहऱ्यावर काही न दाखवता ती म्हणाली, "जागचं हलू नको म्हणता? हलायचं म्हटलं तरी मला जन्मात जमायचं नाही, महाराज!"

मग ती न्हाव्याकडे वळली. "राघोबा, हा वस्तरा कुणाच्या हातात?"

"माझ्या."

"आणि दाढी कुणाची?"

"महाराजांची!"

"म्हणजे महाराज आपलं काम दुसऱ्याच्या हातून करून घेतात. मग दवंडी काय सांगते रे?"

राघोचा वस्तरा हवेतच थांबला. त्याची आई आंधळी होती. सकाळीच तिला सोबत्याने भर बाजारात, अर्ध्या वाटेवर सोडलं होतं. राघोने एकदा राजाकडे पाहिलं, एकदा ठकूबाईकडे पाहिलं आणि वस्तरा मिटून हात जोडले.

"क्षमा महाराज! काम निम्मं झालं!"

"अरे गाढवा, दुसरा गाल!"

"आपलाच हुकूम आहे, सरकार. मोडला तर कोतवाल मला धरतील."

बाजूलाच उभ्या असलेल्या कोतवालाने घाईघाईने छताकडे बघायला सुरुवात केली. इतक्यात बाहेर तुताऱ्या वाजल्या. शिपाई धावत आला. "महाराज, सोनपूरची मंडळी वेशीच्या आत आली!"

"मीच करतो! त्यात काय एवढं!" राजाने वस्तरा हिसकावला. उजव्या हातात वस्तरा, डाव्या हातात आरसा. पण गाल ताणणार कोण? आरसा ठेवून गाल ताणला, तर दिसेना! आरसा गुडघ्यात धरला, तर त्यात नुसतं नाक! आरसा दातात धरला, तर गालच दिसेना! फेस कानात गेला. नाकात गेला. राजा फटाफट शिंकला. प्रधान पुढे सरसावला, तशी ठकूबाई ओरडली, "प्रधानजी, आरसा धरायचा तर निम्माच धरा हां!"

तुताऱ्या अंगणात आल्या.

राजा रडकुंडीला आला. "अरे, दोन हातांनी होतंय कुठे हे! याला तिसरा हात लागतो, तिसरा हात!"

"लागतो ना, महाराज?" ठकूबाई म्हणाली. "आमच्या आळीत त्या तिसऱ्या हातालाच सोबती म्हणतात!"

राजाच्या पोटातून असं हसू फुटलं, की गालावरचा फेस उडून प्रधानाच्या मिशीवर बसला! राजा हसला, राघो हसला, दारात आलेली सोनपूरची मंडळीही काही न कळता हसू लागली.

"हरलो, आजी, हरलो! दवंडी मागे! सोबत पुरी, आणि दर आळीला आणखी दोन सोबती! मोरांना म्हणावं, डबक्यात नाचा!" राजाने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून स्वतःच्या हाताने ठकूबाईच्या गळ्यात घातला. "आणि कोतवाल, यापुढे कुठलीही दवंडी आधी या आजींना ऐकवायची. त्या 'हं' म्हणाल्या, तरच पिटवायची!"