हौसाचे केस आणि चिंचोक्याची खळ

मला गोष्ट सांगायला लावू नका, असं शाळेच्या बाईंना मी दोनदा बजावलं. मी तिसरी नापास. त्या म्हणाल्या, "बोलता तसंच लिहा." आता लिहितोय, तर माझं शुद्धलेखन कुणी काढायचं नाही. आणि बाई वर्गात वाचून घेतील तेव्हा पोरांनी मधे खिदळायचं नाही. खिदळलं की मी उठलो.

एका गावात, म्हणजे आमच्याच, एक सणगर होता. सणगर म्हणजे घोंगडी विणणारा. नाव रेवाप्पा. बायको वारलेली. पोर एकच, हौसा, बारा वर्षांची. तिचे केस कुरळे, मेंढीच्या पाठीसारखे दाट. रेवाप्पाची विधवा बहीण गोजराबाई घर सांभाळायची. ती रोज सकाळी हौसाला पुढ्यात घेऊन कोरड्या केसांतून बारीक दातांची फणी ओढायची. फणीचे दात तुटायचे. पोर किंचाळायची. केस आणखी फुगायचे. गोजराबाई म्हणायची, "हे केस न्हवंत, माझ्याशी वैर हाय हिचं."

पुढं गोजराबाईच्या मुलीचं लग्न ठरलं. हौसा करवली. गोजराबाईनं भावाला सुनावलं, "हे झुडूप घिऊन मिरवायचं व्हय? वऱ्हाड नवरीकडं बघंल का हिच्या डोक्याकडं? केस सरळ कर, न्हाईतर पोरीला घरात कोंड."

रेवाप्पाला विद्या एकच येत होती. घोंगडीचे उभे धागे ताणून बांधायचे आणि त्यांना खळ चोपडायची. ही खळ चिंचोके शिजवून करतात. ती वाळली की लोकरीचा धागा काठीसारखा ताठ होतो. त्यानं विचार केला, लोकर कुरळी, पोरीचे केस कुरळे, मग फरक काय? लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं हौसाला उन्हात बसवलं, केस ताणले आणि धाग्याला खळ लावायच्या कुंच्यानंच खळ लावली. गोजराबाई तेव्हा देवक बसवण्यात गुंतलेली. तिला पत्ता नाही.

केस कमरेपर्यंत सरळ आले. लग्नात सगळ्यांनी वाखाणले. "कसं केलंस रं?" कुणी विचारलं, तर रेवाप्पा गप्प. पोरीला घोंगडीची खळ लावली म्हटल्यावर गाव हसलं असतं.

लग्नाच्या धांदलीत खळ धुवायची राहिली. वैशाखाचा घाम. खळ भिजली, वाळली, परत भिजली. आठव्या दिवशी हौसाच्या मानेवर केसांचा गोळा झाला, नारळाएवढा, तसाच टणक. गोजराबाईनं तो पाहिला आणि फणी खाली ठेवून हात जोडले.

"जट आली! देवीनं पोर मागितली!"

आताच्या पोरांना हे ठाऊक नसेल. त्या काळी पोरीच्या केसांची जट झाली की तिला देवीला सोडायचे. लग्न नाही, शाळा नाही. जन्मभर परडी घेऊन दारोदार मागत फिरायचं. जटेला कात्री लावली तर गावावर कोप होतो म्हणायचे. पंचांनी ठरवलं, येत्या पौर्णिमेला हौसाला देवीच्या डोंगरावर न्यायचं. पौर्णिमा बारा दिवसांवर.

रेवाप्पाला खरं माहीत होतं. त्यानं तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी हौसा न्हाव्याकडं आली. न्हावी म्हणजे मीच, लपवून काय करायचं? मी गोळा हातात धरला, हुंगला. म्हणालो, "कसली देवी? ही चिंचोक्याची खळ. बस, कापून टाकतो."

"कापायचं न्हाई, तात्या."

"का?"

"आत्या म्हणंल, देवीचं कापलं. मग तर मला नेतीलच. आन् केस माझं हाईत. त्यांनी काय वाकडं केलंय?"

"वाकडेच आहेत ते," मी म्हणालो. ती हसली नाही.

"सोडवायचं कसं, त्ये सांगा."

मला कापायचं ठाऊक, सोडवायचं नाही. तसं मी सांगितलं. ती गेली.

पण पोर सणगराची होती. बाप लोकर कशी धुतो हे तिनं शंभरदा पाहिलं होतं. ओली लोकर चोळायची नाही, चोळली की ती कायमची गच्च बसते. भिजत ठेवायची आणि बोटांनी हळू मोकळी करायची. दुपारी आत्या कलंडली की हौसा गोठ्यात जायची. कोमट पाण्यात गोळा भिजवायची. जवस उकळून त्याचं बुळबुळीत पाणी मुरवायची. वर करडईचं तेल. मग बोटांनी शेंड्याकडून सुरुवात.

पहिल्या दिवशी तीन केस सुटले. तीनच. दुसऱ्या दिवशी बोटभर बट. हात भरून यायचे, मान अवघडायची. रडायला वेळ नव्हता. काम झालं की डोक्याला फडकं गुंडाळून ती घरात यायची. गोजराबाई त्या फडक्याला नमस्कार करायची.

दहाव्या दिवशी मानेखालची गाठ तेवढी उरली. तिथं ना डोळा पोचतो, ना बोट. हौसा बापाकडं गेली आणि त्याच्या विणायच्या मागाजवळ, त्याच्याकडं पाठ करून बसली.

"बाबा, एवढी गाठ सोडव."

रेवाप्पानं दाराकडं पाहिलं. "कुणी बघितलं तर?"

"परवा मला न्हेतील, तवा समदी बघतीलच की."

रेवाप्पानं हातातला धोटा खाली ठेवला. दिवसभर तुटलेले धागे जोडणारी बोटं ती. दिवस मावळेपर्यंत त्यानं गाठ सोडवली, एक केस न तोडता. पण गावाला सांगायला तो काही गेला नाही.

पौर्णिमेच्या सकाळी दारात हलगी वाजली. परडी आली, भंडारा आला. गोजराबाईनं हौसाच्या डोक्यावरचं फडकं काढलं. गोळा नाही! खांद्यावर नुसत्या बटाच बटा, तेलानं चमकणाऱ्या. पण लग्नात कमरेपर्यंत असलेले केस आता खांद्यापर्यंतच.

"कापली! देवीची जट कापली!" गोजराबाई ओरडली आणि बोट माझ्याकडं, मी गर्दीतच उभा होतो. "ह्या हजामानं! हात झडतील रं तुझं, पाप्या!"

कुणी माझी वस्तरा-कात्रीची धोपटी हिसकून चिखलात फेकली. एक पंच म्हणाला, "कापली असंल तर पोरीला आत्ताच न्यायला पायजे. गावावर कोप नको."

हौसा पायरीवर चढली. कानाजवळची एक बट चिमटीत धरली आणि खाली ओढली. बट लांबत लांबत कमरेला टेकली. तिनं सोडली. बट टुणकन उडून खांद्यावर.

हलगी थांबली.

तिनं दुसरी ओढली. कमरेला. सोडली, खांद्यावर. तिसरी मानेवरची.

"कुठं कापलंय त्ये दाखवा. कुरळं केस हाईत, मोकळं सोडलं की वर चढत्यात. आन् जट असती तर जवसाच्या पाण्यानं सुटली असती व्हय? खळ होती ती."

"खळ कुणी लावली?" पंचानं विचारलं.

हौसा बापाकडं बघत उभी राहिली. नाव घेतलं नाही.

रेवाप्पा पुढं आला. मान खाली. "म्या लावली. घोंगडीची. हसा काय हसायचं त्ये."

लोक हसले. पोट धरून हसले. चार दिवस पाणवठ्यावर तेच चाललं होतं. पाचव्या दिवशी कुणाच्या लक्षातही नव्हतं. परडी मात्र आली तशी रिकामी गेली.

दुसऱ्या सकाळी गोजराबाईनं फणी उचलली. हौसानं ती तिच्या हातातून काढून घेतली. "कोरडं न्हाई, आत्या. आधी ओलं, मग तेल, मग बोटांनी, शेंड्याकडनं. बस, दावते."

तात्पर्य: कुरळे केस हा काही रोग नव्हे, त्यांची निगा वेगळी एवढंच, ती शिकून घ्या, आणि लोक हसतील म्हणून स्वतःची चूक दाबू नका, तिची शिक्षा लेकरं भोगतात. गोष्ट संपली. धोपटी चिखलातून माझी मीच उचलली. रेवाप्पानं पाया पडून माफी मागितली, पंचांनी मागितली, एक माणूस अजून राहिलं आहे, आणि ते म्हणजे गोजराबाई.