बुधीच्या शेतातली गारगोटी-परी

डोंगराच्या अगदी खांद्यावर, ढग दमले की जिथं टेकतात, त्या उतारावर बुधीचं शेत होतं. शेत म्हणायचं आपलं! घोंगडी वाळत घालावी तसं ते डोंगराच्या अंगावर तिरकं पसरलेलं. वरच्या कडेला उभं राहून खाली बघितलं की डोकं गरगरायचं. माती तर इतकी पातळ, की खुरपं मारलं रे मारलं की खालून ‘खट्ट!’ म्हणून दगड बोलायचा. काळे दगड, तांबूस दगड, बोराएवढे दगड, बोकडाएवढे दगड. “आमच्या शेतात दगडांचं पीक लई झकास येतं!” असं बुधी सगळ्यांना सांगायची आणि स्वतःच खिदळायची.

पण त्या वर्षी तिला थट्टा सुचेनाशी झाली. बुधीला वडील नव्हते, फक्त आई होती, हौसा. मागच्या पावसाळ्यात शेतातली बरीचशी माती पाण्याबरोबर दरीत गेली आणि नाचणी अगदी एवढीशी झाली. कणगीच्या तळाशी हात घातला की बांबूच लागायचा. मग आईनं घराच्या कोपऱ्यात एक बोचकं बांधून ठेवलं.

“यंदा नाचणी झाली तर बरं,” आई म्हणाली. “न्हाई झाली, तर दिवाळीनंतर मी खाली वीटभट्टीवर जाणार. तू मामाकडं ऱ्हायचं.”

“मग तू कधी येणार?”

“पाऊस लागला की.”

बुधीनं बोटांवर महिने मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले. आईशिवाय इतके महिने? तिला ते बोचकं मुळीच आवडत नसे. त्याच्या बाजूनं जाताना ती तोंड फिरवून जायची.

‘सगळा दोष या दगडांचा!’ बुधीनं ठरवून टाकलं. ‘दगड गेले की माती मऊ होईल, माती मऊ झाली की नाचणी होईल, नाचणी झाली की आई राहील.’ म्हणून पेरणीच्या आधी, उन्हाळ्यातच, ती रोज शेतातले दगड वेचू लागली.

आता खरं सांगायचं तर डोंगरावर दगड वेचणं सोपं असतं. उचलायचा आणि द्यायचा उतारावरून सोडून. गडगड, गडगड, धाड! मजाही येते. वाडीतले सगळे तसंच करायचे. पण बुधीच्या शेताखाली उघड्या जमिनीवर एका टिटवीनं चार अंडी घातली होती. मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची, चिमुकली अंडी. वरून एक दगड घरंगळत आला असता तर संपलंच. म्हणून बुधी प्रत्येक दगड पोटाशी धरून शेताच्या कडेला न्यायची आणि अलगद ठेवायची. हात सोलवटायचे, कंबर भरून यायची. आणि ती टिटवी? ती वर बुधीवरच ओरडायची!

“अगं, मीच हाय!” बुधी हसून म्हणायची.

एका दुपारी बुधीनं कलिंगडाएवढा एक गोल दगड खाली ठेवला, आणि काय आश्चर्य! कांदा सोलावा तसे त्याचे पापुद्रे एकामागून एक सुटत गेले. आतला काळा गाभा ‘टक्’ करून उमलला. आत होती एक इवलीशी खोली! तिच्या भिंतींना पांढऱ्याशुभ्र गारगोट्या, गुलाबी गारगोट्या, कोवळ्या पोपटी गारगोट्या. सगळ्या लखलखत होत्या. आणि खोलीच्या मधोमध, करंगळीएवढी एक परी जांभई देत होती. तिचे पंख कांद्याच्या सालीइतके झिरझिरीत होते आणि तिच्या झग्यावर चिमुकले चिमुकले तारे चमचमत होते.

“किती हळू ठेवलंस गं मला!” परी म्हणाली. “आजवर ठेचाच खाल्ल्या मी. तू मात्र बाळाला ठेवावं तसं ठेवलंस.”

“तू दगडात कशी शिरलीस?” बुधीनं डोळे विस्फारून विचारलं.

“शिरले नाही, तिथंच जन्मले. फार फार पूर्वी, माणसं नव्हती, वाड्या नव्हत्या, तेव्हा हा डोंगर गुळाच्या काहिलीसारखा रटरटत होता. जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर यायचा, पसरायचा, निवायचा. मग त्याच्यावर दुसरा थर. त्या रसात बुडबुडे होते. रसाचा दगड झाला, पण बुडबुडे आत तसेच राहिले. त्यातल्या एका बुडबुड्याची मी परी.”

“आणि माती?”

“तीही या दगडांचीच. ऊन दगडाला तापवतं, पाऊस भिजवतो, एकेक पापुद्रा सुटतो आणि भुगा होतो. चिमूटभर मातीला इतका वेळ लागतो, की तुझ्या आजीच्या आजीचं आयुष्यही त्याला पुरलं नसतं.”

बुधीनं हे अर्धंच ऐकलं. परी भेटल्यावर पुढं काय होतं ते तिला ठाऊक होतं ना! परीनंही ते ओळखलं आणि ती गोड हसली.

“दोन मागणी माग. पण डोंगराचे नियम आहेत हं. मी देईन ते या डोंगरातलंच देईन. आणि एकदा हललेली वस्तू पुन्हा होती तिथं मला ठेवता येत नाही.”

“एक कणगी भरून नाचणी देशील?”

“देईन की. डोंगरभर मुंग्यांनी, पाखरांनी सांडलेले दाणे वेचेन आणि भरेन.”

बुधीला आनंदानं उडी मारावीशी वाटली. कणगी भरली म्हणजे आई राहिली! ते मागणं तिनं अगदी शेवटासाठी, हमखासाचं म्हणून मनात घट्ट धरून ठेवलं. आधी तिनं दुसरंच मागितलं.

“माझ्या शेतातले सगळे दगड काढ. माती पिठासारखी मऊ होऊ दे.”

“सगळे?” परीनं हळूच विचारलं. “एकूण एक?”

“सगळे!”

परीनं पंख फडफडवले. चिमण्या उडाव्यात तसे दगड भुर्रकन उडाले आणि दूर झुडपांमागे जाऊन बसले. शेत कसं तुकतुकीत दिसू लागलं! बुधी अनवाणी त्यात शिरली. पाय घोट्यापर्यंत रुतले. तिनं गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि तेवढ्यात तिच्या टाचेपाशी आवाज झाला. सुर्रर्र.

सूप तिरकं धरलं की पीठ घसरतं, तशी माती घसरू लागली होती. ना पाऊस, ना वारा. इतक्या उभ्या उतारावर तिला धरून ठेवणारं कुणी उरलंच नव्हतं. आधी एक ओघळ, मग चार ओघळ, मग सगळं शेतच निघालं. बुधीनं कशीबशी कडेला उडी मारली. आणि खाली होती टिटवी. ती उडून गेली नाही. पंख पसरून अंड्यांवर उभी राहिली आणि जिवाच्या आकांतानं ओरडू लागली.

“परी, थांबव! दगड परत ठेव!”

“होते तिथं नाही ठेवता येत गं, बुधी,” परी हळुवारपणे म्हणाली. “पण तुझं एक मागणं बाकी आहे.”

बुधीनं वर पाहिलं. शेत जात होतं. म्हणजे आता यंदा नाचणी नाहीच. आता ती भरलेली कणगीच काय ती उरली. ती मागितली नाही तर बोचकं उचलून आई जाणार, नक्की जाणार. बुधीला रडू फुटलं. तिला आई हवी होती, दुसरं काही नको होतं. पण तिनं खाली पाहिलं, आणि तिथंही एक आईच उभी होती.

“माझे दगड टिटवीच्या वरच्या अंगाला ओळीनं लाव,” बुधी हुंदके देत म्हणाली. “तिच्या अंड्यांवर माती पडू देऊ नको.”

झगमग झाली. दगड उडत आले. मोठे खाली बसले, मधले वर बसले, बारके फटींत शिरले. माती आली, धाडकन आपटली आणि थांबली. धुरळा खाली बसला तेव्हा टिटवी पिसं झटकून अंड्यांवर बसत होती. तिनं बुधीचे आभार मानले नाहीत. टिटव्यांना तशी सवय नसते.

वर शेताच्या जागी नुसता काळा कातळ दिसत होता. बुधी रडतच घरी गेली आणि तिनं आईला सगळं सांगितलं.

सकाळी आई शेत बघायला आली. सोबत शेजारचे लहानूबाबा होते. बुधी आईच्या मागं लपली. आई रागावली नाही. ती दगडांच्या ओळीपाशी गेली आणि थबकली. ओळीच्या मागं माती साठली होती. तिरकी नाही, अंगणासारखी सपाट! आईनं मातीत हात घातला. मनगट बुडालं, कोपर बुडालं, तरी ‘खट्ट’ झालं नाही.

“आगं बुधे, हे तर बांध घातलेलं शेत झालं!”

“आन् आम्ही येडे, दगड लोटत ऱ्हायलो दरीत,” लहानूबाबा कपाळावर हात मारून म्हणाले.

उरलेले बारके दगड मात्र आईनं मातीवर मुद्दाम विखरून ठेवले. दगडाखाली ओल राहते, हे तिला माहीत होतं. बुधीनं ते पसरायला मदत केली, आणि या वेळी एकाही दगडाला नावं ठेवली नाहीत.

पावसाळाभर बुधी बांधावर जाऊन बसे. वरून गढूळ पाणी यायचं, माती बांधामागं ठेवायचं आणि फटींतून नितळ होऊन खाली झुळझुळायचं. टिटवीची पिल्लं केव्हाच काड्यांसारख्या पायांवर तुरुतुरु पळू लागली होती. बांधातल्या एका दगडात ती लखलखती खोली होती, आणि परी तिच्या दारात पाय हलवत बसलेली असायची.

“मागणी तर संपली, मग तू जात का न्हाईस?” बुधीनं एकदा विचारलं.

“तुझं एक मागणं तू टिटवीला देऊन टाकलंस. त्याचं पुढं काय होतं ते बघितल्याशिवाय मला झोप कशी लागेल?”

नाचणी वाढली. हिरवी झाली, पिवळी झाली, तांबूस झाली. कणसं मूठ मिटावी तशी भरून वळली. दिवाळीला आईनं झोडपलेली, पाखडलेली नाचणी कणगीत ओतली आणि कणगी काठोकाठ भरली. मग ती कोपऱ्याकडं वळली. आईनं बोचक्याची गाठ सोडली, आतली घोंगडी झटकली आणि जमिनीवर अंथरली.

“आई, भट्टी?”

“भट्टी कशाची? वर अजून बांध घालायचेत. इथंच लई काम हाय!”

बुधी बाणासारखी पळत सुटली. परी दगडावर उभीच होती. तिला कळलं होतं. ती बुधीकडं बघून हसली, आणि तिच्या पंखांतून उजेड सांडू लागला. पांढरा उजेड, गुलाबी उजेड, पोपटी उजेड. तो बांधाच्या फटीफटींतून झिरपला, कणसं कापलेल्या धाटांवरून सरकला, बुधीच्या सोलवटलेल्या हातांवर क्षणभर टेकला आणि आभाळात विरून गेला. दगडातली खोली रिकामी होती. गारगोट्या मात्र अजून चमकत होत्या.

बुधी घरी आली तेव्हा आई चुलीपाशी भाकरी थापत होती.

“कुठं गेलती गं?”

“दगडांशी बोलाया.”

“बरं,” आई म्हणाली. “उद्या मलाबी ने.”